एअर फ्रायरमधले भरलेले मशरूम: पाहुणे येण्याआधीची तयारी

भरलेल्या मशरूमच्या तयारीत सर्वांत आधी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे पाणी. ताज्या बटण मशरूमच्या वजनात शंभरातले नव्वदाहून अधिक भाग पाणी असते आणि उष्णता लागली की ते बाहेर पडू लागते. एअर फ्रायरमध्ये वरच्या बाजूला तापणारी कॉइल असते आणि पंखा तिची गरम हवा वेगाने फिरवत राहतो. या हवेने पदार्थाचा वरचा थर आधी कोरडा होतो आणि मगच तो खरपूस होतो. मशरूम आतून पाणी सोडत राहिला, वर सारणही ओले असले, तर यंत्र कितीही चांगले असो, ताटात वाफवलेला, गुळगुळीत लागणारा पदार्थ येतो. म्हणून खाली सांगितलेली तयारी, खरेदीपासून शेवटच्या मिनिटापर्यंत, या पाण्याच्या बंदोबस्ताच्या क्रमाने लिहिली आहे.

मशरूम आणण्याआधी पाहुण्यांना विचारून घ्यावे. जैन घरांत मशरूम खात नाहीत, आणि पुण्यातल्या अनेक मराठी घरांत चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो. त्या काळात मशरूम चालतो की नाही, याचे उत्तर मात्र घराघरांत वेगळे मिळते. विचारण्यात संकोच बाळगू नये, कारण ऐनवेळी पानात नको असलेला पदार्थ वाढला जाणे दोन्ही बाजूंना अवघड असते. चार माणसांना जेवणाआधीचे खाणे म्हणून माणशी चार टोप्या धराव्यात आणि दोन-तीन जास्त ठेवाव्यात; त्यासाठी २०० ग्रॅमची दोन पाकिटे बहुधा पुरतात.

खरेदी शक्यतो आदल्या दिवशी करावी. महात्मा फुले मंडईत जा किंवा घराजवळच्या भाजीवाल्याकडे, पाकिटाची वरची पारदर्शक बाजू नीट पाहावी. आत पाण्याचे थेंब साचलेले असतील किंवा मशरूमवर चिकट चकाकी दिसत असेल तर ते पाकीट सोडून द्यावे. टोपीची खालची कड देठाला अजून जुळलेली असावी; ती उघडून आतल्या तपकिरी पाती दिसू लागल्या असतील तर मशरूम जून झालेला असतो. असा मशरूम भाजीला चालतो, भरण्याला नाही, कारण त्याची वाटी उथळ होते. आकार एकसारखा असावा आणि टोपीची रुंदी चार-पाच सेंटिमीटर असावी. लहान टोप्यांत सारण मावत नाही, फार मोठ्या टोप्या बाहेरून रंगतात तेव्हा आत कच्च्या राहतात, आणि दोन्ही एकाच वेळी लावल्या तर कोणतीच नीट होत नाही. धिंगरी (ऑयस्टर) मशरूम चवीला उत्तम असला तरी त्याला वाटी नसते, म्हणून या पदार्थासाठी तो घेऊ नये. पावसाळ्यात सिंहगड किंवा मुळशीकडे फिरायला गेल्यावर रानात उगवलेल्या छत्र्या दिसतात. त्या कितीही सुबक दिसल्या तरी उपटून घरी आणू नयेत. विषारी आणि खाण्याजोग्या जातींमधला फरक नुसत्या डोळ्यांना कळण्यासारखा नसतो.

घरी आल्यावर मशरूम बंद प्लॅस्टिकमध्ये ठेवू नयेत. कागदी पिशवीत किंवा कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून ते फ्रिजमध्ये ठेवावेत, म्हणजे त्यांनी सोडलेला दमटपणा त्यांच्याच अंगावर साचत नाही. त्याच संध्याकाळी सारणाचे पनीरही हाताळून घ्यावे. शंभर ग्रॅम पनीर स्वच्छ फडक्यात गुंडाळून ताटलीत ठेवावे आणि वर पाण्याने भरलेले पातेले अर्धा तास ठेवावे. ताटलीत जमणारे पाणी पाहिले की हे का करायचे ते वेगळे सांगावे लागत नाही. ब्रेडचा चुराही आदल्या दिवशीच तयार करावा. बेकरीतला साधा पाव उघडा ठेवून वाळवावा, किसावा आणि जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हलका गुलाबी भाजावा. टोस्ट कुटून घालण्याचा मोह होतो, परंतु बहुतेक टोस्ट गोड असतात आणि साखरेमुळे वरचा थर वेळेआधी काळवंडतो. पावसाळी हवेत आदल्या दिवशीचा चुरा सादळतो, तेव्हा वापरण्याआधी तो पुन्हा दोन मिनिटे गरम करून घ्यावा.

यंत्राची जागाही आधीच ठरवावी. घरगुती एअर फ्रायर साधारण १४०० ते १५०० वॉटचे असतात, त्यामुळे त्यांना १६ अँपिअरचे मोठे सॉकेट द्यावे आणि एक्स्टेंशन बोर्ड टाळावा. मागच्या बाजूने गरम हवा बाहेर पडते, म्हणून भिंतीपासून किमान दहा सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि यंत्र गॅसच्या शेगडीवर कधीही ठेवू नये. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बहुधा गुरुवारी बंद ठेवतात, म्हणून कार्यक्रम त्या दिवशी असेल तर आपल्या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार आहे का, याची चौकशी आधीच केलेली बरी.

ज्या दिवशी करायचे त्या दिवशी, पाहुणे येण्याच्या दोन तास आधी, मशरूम स्वच्छ करायला घ्यावेत. देठ आदल्या रात्री काढून ठेवू नयेत, कारण तुटलेल्या कडा हवेने तपकिरी पडतात. माती थोडी असेल तर ओलसर फडक्याने पुसणे पुरते. माती जास्त असल्यास चाळणीत धरून वाहत्या पाण्याखाली झटपट धुवावेत आणि लगेच एकेक करून पुसावेत; पाण्यात भिजत मात्र ठेवू नयेत. देठ काढताना टोपी डाव्या तळहातावर उताणी, देठ वर येईल अशी ठेवावी आणि देठाला अंगठ्याने आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला हलके रेटावे. लहानसा आवाज होऊन देठ मुळापासून सुटतो आणि टोपी शाबूत राहते. तो सरळ ओढला तर बहुतेक वेळा मध्येच तुटतो आणि चाकूने उकरताना टोपीची कड फाटते. वाटी उथळ वाटल्यास चमच्याच्या टोकाने आतल्या पाती थोड्या खरवडाव्यात. या टप्प्यावर टोपीला मीठ लावू नये, कारण मीठ लागताच ती पाणी सोडू लागते.

सारणात खरे काम देठांचे असते. देठाचे खालचे मातकट टोक कापून बाकीचा भाग अगदी बारीक चिरावा. दोन चमचे तेलात पाच-सहा लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या आणि एक लहान कांदा परतून घ्यावा, त्यात देठ घालावेत आणि आच मोठी ठेवावी. आधी चरचर ऐकू येते, मग देठ पाणी सोडतात आणि आवाज बुडबुडण्याचा होतो. हे पाणी पूर्ण आटून कढईतून पुन्हा चरचर ऐकू येईपर्यंत थांबायचे असते. अनेकजण मधल्या टप्प्यावरच गॅस बंद करतात, आणि सारण पुढे पाणचट होण्याचे मुख्य कारण तेच असते. मिश्रण ताटात पसरून पूर्ण गार करावे, कारण गरम असताना झाकले तर वाफेचे पाणी परत त्यातच मुरते. गार झाल्यावर हाताने चुरलेले पनीर, दोन मोठे चमचे ब्रेडचा चुरा, भरपूर कोथिंबीर, मिरपूड आणि बेताचे मीठ घालावे. पुढे वरून चीज घालायचे असल्यास ते खारट असते, हे मिठाचा अंदाज घेताना विसरू नये. मुठीत दाबल्यावर सारणाचा गोळा व्हावा आणि तळहात ओला होऊ नये, इतका कोरडेपणा हवा.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी भरल्या वांग्याच्या वळणाचे सारण करावे, आणि खरे सांगायचे तर मला ते पनीरच्या सारणापेक्षा अधिक आवडते. भाजलेल्या दाण्याचे कूट, तिळाचे कूट, भाजून चुरलेले सुके खोबरे, गोडा मसाला, तिखट आणि कोथिंबीर यांत कांदा-लसूण न घालता परतलेले देठ मिसळावेत. कूट आणि सुके खोबरे दोन्ही ओल शोषून घेतात, त्यामुळे मशरूमने पुढे सोडलेले पाणी सारणातच जिरते. चिंचेचा कोळ घट्ट असावा आणि गूळ चिमूटभरच घालावा, कारण तो लवकर करपतो. शेवटी एक चमचा तेल चोळून घ्यावे, नाहीतर पंख्याच्या झोताने कोरडे कूट उडते. मसाला विकतचा असेल तर पाकिटावरची घटकांची यादी वाचून घ्यावी.

पाहुणे आल्यावर, वाढण्याच्या सुमारे पंचवीस मिनिटे आधी, यंत्र १८० अंश सेल्सिअसवर तीन मिनिटे तापवावे. टोप्यांना बाहेरून ब्रशने तेलाचा पातळ हात द्यावा. दाबाच्या डब्यातले तेलाचे स्प्रे जाळीच्या नॉनस्टिक थराला खराब करतात, म्हणून ते वापरू नयेत. मग रिकाम्या टोप्या उपड्या, एकमेकींना न चिकटता, एका थरात मांडून चार मिनिटे भाजाव्यात. उपड्या ठेवल्याने सुटलेले पाणी जाळीतून खाली गळते. उताण्या ठेवल्या तर प्रत्येक वाटीत तळे साचते. बाहेर काढून आतून कागदी रुमालाने टिपाव्यात, आता कणभर मीठ भुरभुरावे आणि सारण किंचित उंचवटा येईल इतके दाबून भरावे. चीज घालायचे असल्यास किसून सारणात बोटाने दाबून बसवावे, कारण सुटा कीस हवेने उडून वरच्या कॉइलला चिकटतो आणि जळका वास येतो. त्याच कारणाने तापवण्याच्या वेळी रिकाम्या जाळीत बटर पेपर घालू नये. भरलेल्या टोप्या सात ते आठ मिनिटे ठेवाव्यात आणि सहाव्या मिनिटाला एकदा उघडून पाहावे, कारण प्रत्येक यंत्राची आच थोडी वेगळी असते.

चार लिटरच्या भांड्यात एका वेळी साधारण नऊ-दहा टोप्या मावतात, म्हणून सगळ्या टोप्या आधी रिकाम्या भाजून घ्याव्यात आणि दुसरा घाणा पहिला खाल्ला जात असताना लावावा. दाटीवाटीने एकदम लावल्यास हवा फिरत नाही आणि सगळेच बिघडते. दोन घाण्यांच्या मध्ये खालच्या भांड्यातले पाणी जपून ओतून टाकावे, आणि यंत्र आधीच तापलेले असल्याने दुसऱ्या घाण्याची वेळ एका मिनिटाने कमी करावी. काढल्यावर दोन मिनिटे थांबून वाढावे, कारण आतले चीज जीभ भाजण्याइतके गरम असते. उरलेले सारण दुसऱ्या दिवशी पराठ्यात भरता येते. भरून भाजलेल्या टोप्या उरल्या तर डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हऐवजी एअर फ्रायरमध्येच १६० अंशांवर तीन-चार मिनिटे गरम कराव्यात. जाळी गार झाल्यावर कोमट पाण्यात भिजवून मऊ स्पंजने धुवावी. तारेची घासणी तिला लावू नये.