टाइमलाइनवर आवाज येतो, पण चित्र दिसत नाही

गिरगाव चौपाटीवरील विसर्जनाचे दीड तासाचे चित्रण मी संगणकात घेतले, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ते नीट चाललेही. मात्र एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप क्रमाने मांडण्याच्या पट्टीवर, ओढताच ढोल-ताशांचा आवाज सुरू झाला आणि पडदा काळाच राहिला. अशा वेळी हात आधी फाइलचा प्रकार बदलणाऱ्या कन्व्हर्टरकडे जातो. माझाही गेला, आणि रात्रभर फाइल बदलण्यात घालवल्यावर सकाळी लक्षात आले की आधी फाइल तपासली असती तर दहा मिनिटांत काम झाले असते.

सुरुवात अगदी साध्या गोष्टींपासून करावी. व्हिडिओ ट्रॅकवरचे डोळ्याचे चिन्ह चुकून बंद झालेले नाही ना, आणि क्लिप डिस्कवर कॉपी न करता थेट मेमरी कार्डावरून तर ओढलेली नाही ना, हे पाहावे. कारण एडिटिंगचे सॉफ्टवेअर मूळ फाइल स्वतःकडे घेत नाही, ती कुठे आहे एवढेच लक्षात ठेवते, त्यामुळे कार्ड काढले की क्लिप ऑफलाइन होते, म्हणजे सॉफ्टवेअरला सापडत नाही. कार्डावरील आणि डिस्कवरील फाइलचा आकार बाइटपर्यंत जुळतो का, हेही पाहावे.

एवढे ठीक असेल तर फाइल मीडियाइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये उघडावी. एमपी४ किंवा एमओव्ही हे केवळ डब्याचे नाव आहे. आत चित्र कोणत्या कोडेकमध्ये, म्हणजे दाबून साठवण्याच्या कोणत्या पद्धतीत, बांधले आहे, ते महत्त्वाचे. व्हीएलसी हे कोडेक उलगडणारे स्वतःचे डिकोडर सोबत बाळगते म्हणून ते जवळपास सगळे चालवते, पण एडिटिंगचे सॉफ्टवेअर अनेकदा संगणकाच्या प्रणालीवर आणि ग्राफिक्स कार्डावर अवलंबून असते. फॉरमॅटसमोर ‘एचईव्हीसी’ दिसले तर तो एच.२६५ कोडेक होय, २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ पासून नव्या आयफोनमध्ये ‘हाय एफिशियन्सी’ हीच मूळ सेटिंग असते, आणि विंडोजवर त्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधील एचईव्हीसी एक्स्टेन्शन लागू शकते. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची लिनक्सवरील मोफत आवृत्ती तर साधा, जुना एच.२६४ कोडेक सुद्धा वाचत नाही. कॅमेऱ्याची फाइल १० बिट, ४:२:२ (रंगाची अधिक माहिती साठवणारा प्रकार) असेल तर पुष्कळ ग्राफिक्स कार्डांना ती हार्डवेअरवर उलगडता येत नाही. तेव्हा सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंग बंद करून एकदा पाहावे.

फाइल एमकेव्ही (असाच आणखी एक डबा) असेल आणि आत एच.२६४ असेल, तर पुन्हा एन्कोड करण्याची गरजच नाही. शटर एन्कोडर या प्रोग्राममधील ‘रीरॅप’ निवडून तेच चित्र एमपी४च्या डब्यात ठेवावे. दर्जा तसूभरही घटत नाही आणि काम मिनिटांत उरकते. कोडेकच अडत असेल तर त्याच प्रोग्राममध्ये प्रोरेस ४२२ किंवा डीएनएक्सएचआर हा एडिटिंगला सोपा कोडेक निवडावा, मात्र आधी जागेचा हिशेब करावा: १०८० रेझोल्यूशनच्या, सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रणासाठी प्रोरेस ४२२ला तासाला सुमारे ५५ जीबी लागतात, म्हणजे माझ्या विसर्जनाला ८० जीबीहून अधिक. सारे चित्रण बदलण्याआधी तीस सेकंदांचा तुकडा बदलून टाइमलाइनवर टाकून पाहावा. हा सल्ला मी स्वतः फार उशिरा ऐकला.

मीडियाइन्फोमध्ये फ्रेम रेट मोडसमोर ‘व्हेरिएबल’ लिहिलेले असेल, म्हणजे सेकंदाला फ्रेमची संख्या बदलत असेल, तर चित्र दिसेल, पण आवाज हळूहळू मागेपुढे सरकेल. मोबाइलच्या फाइलमध्ये हे नेहमीचेच. हँडब्रेक या कन्व्हर्टरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फाइल पुन्हा तयार करावी.

एक प्रकार मात्र निराळा आहे. गर्दीत बॅटरी संपून फोन मध्येच बंद पडला, तर एमपी४च्या शेवटी लिहिली जाणारी ‘मूव्ह’ नावाची अनुक्रमणिका राहून जाते. फाइल काही जीबींची दिसते, पण व्हीएलसीसुद्धा ती उघडत नाही. इथे कन्व्हर्टर निरुपयोगी ठरतात. त्याच फोनवर त्याच सेटिंगने घेतलेली एक धडधाकट क्लिप नमुना म्हणून देऊन अनट्रंक या प्रोग्रामने दुरुस्तीचा प्रयत्न करता येतो. मात्र तोवर त्या कार्डावर किंवा फोनमध्ये नवे काहीही चित्रित करू नये, आणि प्रयोग नेहमी फाइलच्या प्रतीवरच करावा.