मृत्युपत्र आणि वारसाची भांडणं: सोलापूरकरांनो, एवढं करून ठेवा

घर जुळे सोलापुरात, शेत मोहोळला, वर दोन-चार लूम (यंत्रमाग), असं असेल तर मृत्युपत्र आत्ताच लिहा, साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण कराच कारण उद्या सही खोटी म्हणणारे घरातच निघतात. दोन साक्षीदार पाहिजेतच, ज्यांना त्यातलं काही मिळणार नाही असे, आणि शक्यतो तुमच्याहून तरुण. गट नंबर, लूम, बँक खाती स्पष्ट लिहा. वडिलोपार्जित असेल तर फक्त स्वतःचा हिस्साच देता येतो. नॉमिनी, म्हणजे बँकेत वगैरे आपण ज्याचं नाव लावून ठेवतो तो, मालक नाही, हे तर घरात सगळ्यांना सांगा.

मृत्युपत्र न करता वडील गेले तर हिंदू वारसा कायद्यानं आई, वडिलांची आई असेल तर ती, मुलं, मुली सगळ्यांना वाटा, आणि २००५ पासून वडिलोपार्जितमध्येही मुलगी जन्मानं हिस्सेदार, लग्न झालं तरी. त्यामुळं तलाठ्याकडं वारस नोंद करताना बहिणीचं नाव गाळू नका, प्लीज, भांडण तिथंच पेटतं. तिला खरंच नको असेल तर रजिस्टर्ड हक्कसोडपत्र, पण दबाव टाकून नाही.

वाद झालाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन लोकअदालतीचं विचारा, तिथला तडजोडीचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, कोर्टातली केस तिथं मिटली तर भरलेली कोर्ट फीसुद्धा परत मिळते.