जुन्या फॉन्टमधले लेख युनिकोडमध्ये आणताना

वेबसाइटवर माझे लेख आणि छोटे प्रोग्रॅम असतात. जुने लेख अप्पा बळवंत चौकाजवळच्या डीटीपीवाल्याकडे टाइप केलेले, युनिकोड (सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसेल तर स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी, कारण त्यात मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात.

पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तक्ता करून अक्षराला अक्षर बदललं, ते सोपं. डोकं खाल्लं पहिल्या वेलांटीनं. जुन्या फॉन्टात ती दिसते तशी व्यंजनाआधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. 'स्थिती'त तर अख्खं जोडाक्षर ओलांडून न्यावी लागते. रफाराचं उलटं: नंतर टाइप केलेला, तो उचलून अक्षराआधी 'र्' म्हणून ठेवायचा. 'ऱ्या'चा नियम वेगळा लिहिला, नाहीतर आचाऱ्यांचे आचार्य होतात. (पुण्यात तेही खपून गेलं असतं म्हणा.)

शेवटी फाइल यूटीएफ-८मध्ये (युनिकोड अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) सेव्ह केली आणि वेबपानाच्या कोडमधल्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे हेडमध्येही, तसं लिहिलं. आता लेख मोबाइलवर दिसतात, शोधताही येतात. मधेमधे आलेल्या खऱ्या इंग्रजी शब्दांचंही प्रोग्रॅम भलतंच मराठी करतो. ते मात्र हातानेच दुरुस्त करतोय.