ओटला युरिया कधी टाकायचा

थंडीत नेपियर या चाऱ्याच्या गवताचा फुटवा मंदावतो, म्हणून आम्ही संगमनेरकडचे गोठेवाले दिवाळीच्या आसपास वैरणीसाठी ओट पेरतो. एकरी ४० किलो बी, दोन ओळींत फूटभर अंतर. त्या वैरणीत कस किती उतरेल, हे युरिया कधी पडला यावर बरंच ठरतं.

मी एकरी दोन गोण्या देते. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे दोन्हींचं मिळून ४१ किलोच्या आसपास. पण एकदम नाही. पेरताना अर्धी गोणी, सिंगल सुपर फॉस्फेटसोबत. महिन्याने फुटवे धरले की पाऊण. पहिली कापणी ५०-५५ दिवसांनी, जमिनीपासून चार बोटं राखून, आणि उरलेली पाऊण त्या कापणीनंतर. दुसरी कापणी निम्मा प्लॉट फुलोऱ्यात आल्यावर. त्यापुढे थांबलात तर काडी चरबट होते आणि गाय ती गव्हाणीतच ठेवते.

सकाळी पानावर दहिवर असताना युरिया फेकू नका. दाणे पानाला चिकटतात, शेंडे करपतात. ऊन चढल्यावर टाका आणि त्याच दिवशी हलकं पाणी द्या, नाहीतर नत्र हवेत उडून जातं.

आता महत्त्वाचं. युरिया पडल्यावर आठवड्यात ओट काळाभोर हिरवा दिसतो आणि विळा घेऊन जावंसं वाटतं. जाऊ नका, निदान तीन आठवडे थांबा. पिकाने उचललेलं नत्र तेव्हा नायट्रेटच्या रूपात असतं, त्याची प्रथिनं व्हायला ऊन आणि दिवस लागतात. प्रयोगशाळेत नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणतात आणि त्याला प्रथिनं म्हणतात, त्यामुळे प्रथिनं न झालेलं नत्रही त्या आकड्यात मिसळतं. आकडा मोठा, दूध तेवढंच! शिवाय हे नायट्रेट जास्त पोटात गेलं तर जनावराला विषबाधा होते.

आभाळ दोन-चार दिवस भरून राहिलं तर आणखी थांबा. नायट्रेट बुडख्याकडच्या काडीत जास्त साठतं, अशा वेळी कापणी थोडी वरून घ्या. वाळवल्याने ते जात नाही, मुरघासात (हवाबंद आंबवलेल्या वैरणीत) मात्र बरंच कमी होतं. कोवळा ओट उपाशी जनावराला एकटा कधीच घालू नका. आधी कडबा, मग ओटाची कुट्टी, सोबत थोडा लसूणघास.

खाल्ल्यावर गाय धापा टाकू लागली, हिरड्या निळसर-तपकिरी दिसल्या, तर ती नायट्रेटची विषबाधा समजून वैरण उचला आणि डॉक्टरांना फोनवरच सांगा की ओटाला युरिया कधी पडला होता. त्यावर उतारा म्हणून मेथिलीन ब्लूचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर जनावर वाचतं.