पर्शियन लघुचित्रकलेवर परदेशात पोट भरायचं तर

पर्शियन, म्हणजे इराणी, लघुचित्रांच्या या कलेत यायचं म्हणणारी मुलं मला सगळ्यात आधी गॅलरीबद्दल विचारतात. गॅलरी फार पुढची गोष्ट. मी लंडनमध्ये एका इस्फहानी उस्तादांच्या हाताखाली शिकले आणि अजून त्यांच्याच स्टुडिओत काम करते. सुरुवातीचे कित्येक महिने रंग हाती आलाच नाही. जुन्या चित्रांवरून रेघ गिरवायची, दुसरं काही नाही.

ही रेघ सोपी वाटते. ब्रश मांजरीच्या पिल्लाच्या किंवा खारीच्या केसांचा, टोकाला जेमतेम एक केस पुढे आलेला. घोड्याची मान काढताना श्वास रोखून धरायचा. रेघ बारीक सुरू होऊन मध्ये भरते आणि शेवटी विरून जाते, तेही एका दमात. मग परदाज: सावली ठिपक्या-ठिपक्यांनी भरत जायची. नखाएवढ्या गालावर अख्खी दुपार जाते.

रंगही आपणच करायचे. अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा लाजवर्द, म्हणजे निळा दगड, खलात कुटायचा, धुवायचा, डिंकात कालवायचा. सोन्याचा वर्ख डिंकात बोटाने मळायचा, पाण्याने डिंक धुऊन काढायचा आणि तळाशी बसलेलं सोनं कागदावर लावून अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायचं. माझी पहिली कमाई याच विद्येवर झाली. संग्रहालयांच्या कार्यशाळा, शनिवार-रविवारचे वर्ग, निकाहनाम्यांच्या सोनेरी किनारी यांतून घरभाडं निघालं. चित्रं बऱ्याच उशिरा विकली गेली. म्हणून रंग करणं आणि शिकवणं, दोन्ही मन लावून शिका.

पर्शियन चित्रकाराने देश सोडणं जुनंच आहे. सोळाव्या शतकातला इराणचा बादशहा शाह तहमास्प याच्या दरबारातले मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हुमायूनकडे आधी काबूलला, मग हिंदुस्थानात आले आणि मुघल चित्रशाळा उभी राहिली. आपल्या काळात इराणी लघुचित्रकार महमूद फर्शचियान अमेरिकेत, न्यू जर्सीत, राहिले. २०२५ मध्ये ते वारले. करबलाच्या लढाईतून स्वार, इमाम हुसेन, गमावून परतलेल्या घोड्याचं त्यांचं १९७६चं ‘आशुराची संध्याकाळ’ इराणी घराघरांत दिसतं. त्यांची भोवऱ्यासारखी फिरणारी रेघ उचलणारे असंख्य आहेत, आणि ती उसनी आहे हे लगेच कळतं. तिचा मोह टाळा.

चित्रकार शाझिया सिकंदर यांचा रस्ता वेगळा. त्या इराणी परंपरेतल्या नव्हेत, पण लाहोरच्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये लघुचित्र रीतसर शिकून त्या अमेरिकेत गेल्या आणि तिथे ते मोडून नवं मांडलं. २००६ मध्ये त्यांना अमेरिकेतली मानाची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. परदेशी गॅलऱ्यांना असं ‘आजचं’ काम हवंच असतं, पण त्या घाईत हात कच्चा राहिलेले मी बरेच पाहिलेत. आधी हात तयार होऊ द्या, स्वतःची मांडणी मग करा.

शिकायला लंडनमध्ये किंग्ज फाउंडेशनची पारंपरिक कलांची शाळा आहे. फार्सी कवी निजामीच्या ‘खमसा’ची, म्हणजे पाच दीर्घकाव्यांची, शाह तहमास्पसाठी १५३९ ते १५४३ मध्ये केलेली पोथी ब्रिटिश लायब्ररीत आहे. पुण्याच्या मुलांनी निघण्याआधी भारत इतिहास संशोधक मंडळाकडच्या ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ची चित्रं अभ्यासावीत. अहमदनगरच्या निजामशाहीत घडलेली ही फार्सी पोथी. इराणी वळण दख्खनी मातीत कसं रुजलं ते तिच्यात दिसतं.

आणि प्रदर्शनांची पत्रकं, कार्यशाळांची पत्रं, छापून आलेली कात्रणं पहिल्या दिवसापासून तारखेवार जपा. कलाकार म्हणून व्हिसा मागताना शिफारसपत्रांच्या जोडीला हेच पुरावे लागतात.