रोज बांगडा खाऊनही व्हिटॅमिन बी१२ कमी? आधी गोळ्यांचा डबा बघा

"आम्ही मासे खाणारे, आम्हाला कसली बी१२ ची कमी" हे मालवण-वेंगुर्ल्याकडे घरोघरी ऐकू येतं, आणि बांगड्यात, तिसऱ्यांत (शिंपल्यांत) बी१२ भरपूर असतं हे खरंय, पण खाल्लेलं अंगी लागायला हवं ना. शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ आतड्यात नीट शोषलं जात नाही, आणि पँटोप्राझोल, ओमेप्राझोल ह्या ॲसिडिटीच्या गोळ्या पोटातलं ॲसिड कमी करतात, आणि माशातलं बी१२ सुटं व्हायला तेच ॲसिड लागतं. आमच्या काकींच्या डब्यात दोन्ही होत्या. बी१२ कमी पडून तळव्यांना मुंग्या, चप्पल पायातून सुटली तरी पत्ता नाही, आणि सगळे म्हणणार शुगरमुळे होतंय. शुगरनेही मुंग्या येतात, म्हणूनच तर फसायला होतं. त्यात लिव्हरमधला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमी पडतंय हे कळतंच उशिरा.

तर करायचं काय, सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत भरा, मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या पण, कुठली किती वर्षं चालू आहे ते लिहा आणि डॉक्टरांसमोर ठेवा. गोळी मनाने बंद करू नका. बी१२ ची टेस्ट करायला सांगा, साधारण २०० पीजी/एमएलच्या खाली कमी धरतात आणि २०० ते ३०० काठावर. इंजेक्शन टेस्टनंतरच घ्या, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो. नुसतं फॉलिक ॲसिड तर अजिबात नको, रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांची वाट लागत राहते. टीबीच्या औषधांसोबत बी६ ची गोळी दिली असेल तर ती पण चुकवू नका, तीही नसांसाठीच असते.

आता दारू. माडी असो, काजूची असो की क्वार्टर, रोज घेणाऱ्याचं बी१ आणि फोलेट (फॉलिक ॲसिड) घटतं, कारण शोषण बिघडतं आणि जेवणाच्या जागी चकणाच होतो. उकड्या तांदळाची पेज चांगलीच, भात उकडताना कोंड्यातलं बी१ दाण्यात उतरतं, पण रोजच्या पिणाऱ्याला तेवढ्याने भागत नाही, त्याला डॉक्टरच हवा. आणि एकदम सोडायचं ठरवलंत तरी आधी डॉक्टरांना विचारा, जास्त पिणाऱ्याला अचानक सोडल्यावर फिट येऊ शकते.

रोज पिणाऱ्याचा न पिताही तोल जातोय, डोळ्यांना दोन-दोन दिसतंय, बोलणं भरकटतंय असं झालं तर "उतरेल हळूहळू" म्हणत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. तिथे लाज न बाळगता हा रोज पितो हे आधी सांगा, कारण अशा पेशंटला ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी किंवा तिच्यासोबतच बी१ द्यावं लागतं.