मिश्र जातीच्या कुत्र्याचा वंश कसा ओळखावा आणि घरमालकाला काय सांगावे

बेळगाव शहरात किंवा निपाणी, खानापूर, चिक्कोडी अशा ठिकाणी कुत्र्यासह भाड्याचे घर शोधायला निघालेल्या माणसाला हल्ली भाडे आणि डिपॉझिट ठरण्याआधीच एक प्रश्न ऐकावा लागतो : "हे पिटबुल तर न्हवं?" डोके रुंद दिसले की पिटबुल, काळ्या अंगावर भुवयांपाशी तांबूस ठिपके दिसले की रॉटव्हीलर, असा सरळ हिशेब लोक करतात. रस्त्यावरून उचलून आणलेल्या किंवा शेतावरच्या कुत्रीला झालेल्या पिल्लाविषयी पाळणाऱ्यालाच नेमके ठाऊक नसते. मग तो गोंधळून "लॅब क्रॉस आहे" असे काहीतरी सांगून मोकळा होतो आणि हे न तपासलेले उत्तर पुढे त्याच्याच गळ्यात येते. म्हणून घर शोधायला लागण्यापूर्वीच आपल्या कुत्र्याच्या वंशाबद्दल काय खात्रीने सांगता येते आणि काय येत नाही, याचा शांतपणे छडा लावून ते कागदावर उतरवणे शहाणपणाचे असते.

आधी उगमाची चौकशी

कुत्र्याच्या अंगाकडे पाहण्यापूर्वी ते जिथून आले तिथे जावे. पिल्लू अथणीकडच्या धनगराच्या वाड्यावरून आणले असेल, येळ्ळूरच्या शेतातून आणले असेल किंवा टिळकवाडीतल्या गल्लीत सापडले असेल, तर त्या भागातल्या माणसांना आई कोणती होती हे बहुधा ठाऊक असते. आई अजून तिथे असल्यास तिचा बाजूने आणि समोरून फोटो घ्यावा, भावंडे कोणाकडे गेली ते विचारावे आणि तीही पाहून यावीत. बापाविषयी मात्र जे सांगितले जाईल ते जपून घ्यावे. कुत्री माजावर असताना एकाहून अधिक नर तिच्याशी जुळू शकतात आणि एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. त्यामुळे भाऊ लॅब्राडोरसारखा निघाला म्हणजे आपल्या कुत्र्याचा बापही लॅब्राडोरच होता, असे होत नाही. मिळालेली माहिती "पाहिले", "ऐकले" आणि "अंदाज" अशा तीन भागांत लिहून ठेवावी, कारण पुढचे सगळे काम या फरकावर उभे आहे.

मग अंगलक्षणे, आणि तीही मोजून

पिल्लाच्या रूपावरून काहीही ठरवू नये. सहा महिन्यांच्या आत कान, शेपूट, केस आणि डोक्याची ठेवण इतकी बदलते, की आज जाडजूड पंजे पाहून बांधलेला अंदाज वर्षभराने साफ खोटा ठरतो. कुत्रे साधारण वर्षाचे झाल्यावर त्याला भिंतीला लागून सपाट फरशीवर उभे करावे, खांद्याच्या सर्वांत उंच भागावर पुस्तक आडवे धरून भिंतीवर खूण करावी आणि टेपने उंची मोजावी. वजन दवाखान्यात करून घ्यावे. बाजूने, समोरून आणि डोक्याचा वरून असे तीन फोटो उजेडात काढावेत. मालकाच्या मनात कुत्रे नेहमीच असते त्याहून मोठे असते, म्हणून आकडे महत्त्वाचे.

आपल्या भागात पहिला विचार मुधोळ रक्ताचा करावा. मुधोळ हे बागलकोट जिल्ह्यातले गाव शेजारचेच. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही शिकारी जात जोपासली आणि आज तिथून जवळच तिम्मापूर येथे कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. आपल्याकडे तिला कारवानी असेही म्हणतात. लांब आणि अरुंद डोके, निमुळती तोंडाची ठेवण, खोल छाती, एकदम आत ओढलेले पोट, लांब सडपातळ पाय, पातळ कातडी आणि मुळापासून शेंड्याकडे बारीक होत गेलेली शेपूट ही तिची लक्षणे. शुद्ध नर खांद्यापाशी 68 ते 72 सेंटिमीटर, म्हणजे चांगलाच उंच असतो. मिश्र पिल्लात ही उंची सहसा येत नाही, पण छाती आणि पोट यांमधला तो चढ, आणि नजरेच्या टप्प्यात पळणारी वस्तू आली की मान ताणून तिच्याकडे रोखून पाहण्याची सवय पुष्कळदा उतरलेली दिसते. बरगड्या दिसतात म्हणून घरमालक "उपाशी ठेवलंय" असे म्हणतात. त्यांना ही शरीराची ठेवणच आहे हे पशुवैद्याकडून ऐकवलेले बरे.

दुसरा विचार गावठी कुत्र्याचा. पाचरीसारखे डोके, उभे किंवा शेंड्याशी मुडपलेले कान, बदामी डोळे, आखूड केस, पाठीवर वळलेली शेपूट आणि मध्यम, काटक बांधा. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गावठी कुत्रे म्हणजे वेगवेगळ्या विलायती जातींची सरमिसळ नव्हे. ती इथल्या मातीतली जुनी, स्वतंत्र जमात आहे आणि आधुनिक विलायती जाती गेल्या काही शतकांत निवडीने घडवल्या त्याच्या कितीतरी आधीपासून ती माणसांच्या वस्तीला धरून राहिली आहे. रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्यात कोणती तरी नावाजलेली जात शोधायला जाणे म्हणूनच व्यर्थ आहे. अनेकांचा शोध "गावठी" या उत्तरापाशीच संपतो आणि ते उत्तर पूर्ण असते.

तिसरा गट शहरात पाळल्या जाणाऱ्या जातींचा : लॅब्राडोर, अल्सेशियन, डॉबरमन, पामेरियन. गावठी कुत्रीशी यांचा संकर आपल्या गल्लीबोळांत नवा नाही. पाय फारच आखूड असतील तर डॅक्सहुंडसारख्या जातीचा अंश असू शकतो, कारण हे लक्षण एका ठरावीक जनुकीय बदलातून येते आणि संकरातही ठळकपणे दिसते.

काही खुणांवर मात्र विसंबू नये. जिभेवरचा काळा डाग म्हणजे चाऊचाऊ जात नव्हे; असे डाग अनेक जातींत आणि गावठी कुत्र्यांतही असतात. अंगावरचे वाघासारखे पट्टे म्हणजे पिटबुल नव्हे. नसबंदी न झालेल्या नराचे गाल वयानुसार भरतात, त्यामुळे रुंद डोके हाही पुरावा नव्हे. पिटबुलविषयी तर लोकांची कल्पना आकाराच्या बाबतीतच चुकलेली असते : अमेरिकेतील युनायटेड केनेल क्लब या कुत्र्यांच्या जाती नोंदवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार या जातीच्या नराचे अपेक्षित वजन साधारण 16 ते 27 किलो, म्हणजे तो मध्यम आकाराचा कुत्रा आहे. चाळीस किलोच्या धिप्पाड कुत्र्याकडे बोट दाखवून कोणी पिटबुल म्हणत असेल, तर वजनाची पावती पुढे ठेवावी.

डोळ्यांचा अंदाज किती चुकतो

रूप ठरवणारी जनुके थोडी असतात आणि बाकीचा वंश अंगावर कुठेच लिहिलेला नसतो. फ्लोरिडातील चार प्राणी निवारा केंद्रांत 120 कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात तिथल्या कर्मचाऱ्यांपैकी एकाने तरी 62 कुत्र्यांना पिटबुल प्रकारचे ठरवले होते. डीएनए तपासल्यावर तो वंश 25 कुत्र्यांतच आढळला. रोज कुत्री हाताळणाऱ्यांची, ज्यांत पशुवैद्यही होते, त्यांची ही गत असेल, तर गेटमधून पाहणाऱ्या घरमालकाच्या अंदाजाला किती वजन द्यायचे हे स्पष्ट आहे. पण हाच निकष आपल्यालाही लागू होतो. आपल्या कुत्र्यात पिटबुल नाही, असे केवळ त्याच्याकडे पाहून आपणही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

डीएनए चाचणी करावी का

कुत्र्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या 39 जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतले एक आईकडून, एक बापाकडून येते. आजोबाचा वाटा सरासरी पंचवीस टक्के, पणजोबाचा साडेबारा. चाचणीत कुत्र्याचे डीएनए प्रयोगशाळेकडील ज्ञात जातींच्या नमुन्यांशी ताडून पाहिले जाते, आणि मेख इथेच आहे : ज्या जातीचे नमुने त्या संग्रहात नाहीत ती जात अहवालात येऊच शकत नाही. बहुतेक संग्रह विलायती जातींनी भरलेले असल्याने मुधोळ रक्ताचे कुत्रे दुसऱ्याच कुठल्या तरी शिकारी जातीच्या नावाने नोंदले जाण्याची शक्यता असते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी प्रयोगशाळेला लेखी विचारावे, की भारतीय गावठी कुत्र्यांचा गट आणि मुधोळ त्यांच्याकडे आहेत काय. काही परदेशी कंपन्या गावठी कुत्र्यांसाठी व्हिलेज डॉग असा वेगळा गट दाखवतात. तो असेल तर अहवाल आपल्या उपयोगाचा ठरतो.

नमुना घेण्याचे काम घरी होते, पण ते निष्काळजीपणे केले तर नमुना वाया जातो. कुत्र्याने आधी काही खाल्लेले नसावे, दुसऱ्या कुत्र्याशी त्याची चाटाचाटी झालेली नसावी, आणि आईचे दूध पिणाऱ्या पिल्लाचा नमुना घेऊच नये. ओठ उचलून गालाच्या आतल्या बाजूला काडी अर्धा-एक मिनिट फिरवावी. नुसती लाळ लागून उपयोग नाही, गालाच्या पेशी यायला हव्यात. अहवालात पाच टक्क्यांच्या आतबाहेर दाखवलेल्या जातींवर भिस्त ठेवू नये.

माझे मत असे, की घरमालकाचा आक्षेप ठाम आणि लेखी असेल, किंवा करारात विशिष्ट जातींची यादी असेल, तरच ही चाचणी करावी. त्यातून नको ते नाव निघाले तर ते लपवता येणार नाही, हेही आधी मनाशी ठरवून घ्यावे.

लसीकरणाच्या पुस्तिकेतला "जात" हा रकाना

माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष या एका रकान्याकडे द्यायला हवे. पिल्लाला पहिल्या लसीला नेले, की पुस्तिकेत नाव, वय, रंग आणि जात असे रकाने घाईघाईने भरले जातात. मालक "लॅब मिक्स असेल बहुतेक" म्हणतो, समोरचा माणूस "लॅब" लिहितो, आणि दोन ओळींतला हा अंदाज पुढे प्रत्येक नोंदीत, नोंदणी अर्जात आणि भाडेकराराच्या जोडपत्रात तसाच उतरत जातो. म्हणून वंश ठाऊक नसेल तर पशुवैद्याला तिथे "मिश्र" किंवा "नॉन-डिस्क्रिप्ट" (म्हणजे ठरावीक जात सांगता न येणारे) असे लिहिण्याची विनंती करावी. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात हा शब्द नेहमीचा आहे. आधी काही वेगळे लिहिले गेले असेल तर खाडाखोड स्वतः न करता पशुवैद्याकडूनच सही-तारखेसह दुरुस्ती करून घ्यावी. त्याच भेटीत वजन, उंची, रंग, नसबंदी आणि रेबीजच्या लसीची तारीख असलेला एक छोटा दाखला मागावा. मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखीची चिप, बसवली असेल तर तिचा 15 अंकी क्रमांकही त्यात यावा, म्हणजे कागदावरचे कुत्रे आणि दारातले कुत्रे एकच आहे याबद्दल शंका उरत नाही.

कायद्याची बाजू

घरमालकांच्या भीतीला एक कारण आहे. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने 12 मार्च 2024 रोजी पिटबुल, रॉटव्हीलर अशा 23 जाती आणि त्यांचे संकर यांच्या आयात, पैदास व विक्रीवर बंदी घालण्याचे परिपत्रक काढले, आणि त्याच्या बातम्या सर्वांनी वाचल्या. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक एप्रिल 2024 मध्ये रद्द केले, कारण संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतले गेले नव्हते. ही दुसरी बातमी फारशी कोणापर्यंत पोहोचली नाही. घरमालक परिपत्रकाचा दाखला देत असतील तर वाद न घालता हा निकाल त्यांना सांगावा.

त्याचबरोबर आपली मर्यादाही ओळखावी. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना रहिवासी संघटनांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालण्यापासून रोखतात. पण खासगी घरमालकाने करारात घातलेली आणि आपण सही केलेली अट ही निराळी बाब आहे. करार कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो, म्हणून तो जाणकाराकडून ओळीने वाचून घ्यावा आणि जातींच्या यादीत "संकर" हा शब्द आहे का ते पाहावे. घर मिळत नाही म्हणून कुत्रे सोडून देण्याचा विचार कोणाच्या मनात आला, तर प्राण्याला उपासमारीच्या किंवा हालाच्या स्थितीत टाकून जाणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि ज्या जिवाने आपल्यावर विश्वास ठेवला त्याच्याशी असे वागणे कायद्याशिवायही अक्षम्य आहे.

घरमालकापुढे कसे जावे

तोंडी खुलाशापेक्षा एका पानाचे निवेदन द्यावे. घरमालक कन्नड भाषिक असतील तर कन्नड प्रतही सोबत द्यावी. मजकूर साधारण असा असावा : "आमच्याकडील कुत्रा वाघ्या, नर, वय तीन वर्षे, वजन 21 किलो, नसबंदी झालेला. त्याची आई खानापूर भागातील गावठी कुत्री असून ती आम्ही पाहिली आहे. बापाविषयी माहिती नाही. बांध्यावरून मुधोळ वंशाचा अंश असावा असा पशुवैद्यांचा अंदाज आहे. त्याने आजवर कोणाला चावल्याची घटना नाही. लसीकरणाच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत." यात पाहिलेले, न कळलेले आणि अंदाजाचे वेगवेगळे ठेवले आहे. एकही वाक्य असे नसावे जे उद्या खोटे ठरेल, आणि चावण्याची घटना घडली असेल तर ती लपवू नये.

मग बोलणे जातीवरून कुत्र्याच्या वागण्याकडे न्यावे. 2022 साली सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पाहणीवर आधारलेल्या अभ्यासात एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम 9 टक्के फरक जातीने उलगडतो असे आढळले. घरमालक काकांना किंवा काकूंना टक्केवारी सांगून पटेलच असे नाही. त्यांना कुत्र्याची भेट पटते. कुत्र्याला आधी फिरवून, दमवून, साखळी लावून न्यावे, त्यांना त्याच्या अंगावर हात टाकायला लावू नये, आणि त्याला पायाशी बसवून दहा मिनिटे बोलावे. जिन्यात व अंगणात साखळी, रात्री भुंकण्याचा बंदोबस्त, घाण स्वतः उचलणे आणि नुकसान झाल्यास डिपॉझिटमधून भरपाई, या चार गोष्टी करारात लिहून देण्याची तयारी आपणहून दाखवावी. करारात कुत्र्याची ओळख जातीच्या नावाने न घालता वर्णन, फोटो आणि चिप क्रमांकाने घालावी. अकरा महिन्यांनी करार नव्याने होताना रेबीजच्या ताज्या लसीची नोंद आणि नवा फोटो जोडावा, आणि आधीच्या निवेदनाची घरमालकांची सही असलेली प्रत आपल्यापाशी जपून ठेवावी.